भावाची औषधं थांबवू नका

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. अनेक वर्षं उपचार चालू होते, पण मध्यंतरी त्याने गोळ्या सोडल्या. शेजारचे काका आपल्या पाण्यात विष कालवतात असं तो म्हणू लागला आणि एके सकाळी त्याने त्यांच्यावर कोयत्याने वार केले. काका वाचले. भाऊ खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात तुरुंगात आहे. नातेवाईक म्हणतात, वेडाचा दाखला आणा म्हणजे सुटेल. शिवाय आत औषधं सुरू झाली तर तो शहाणा दिसेल आणि कोर्ट मानणार नाही, म्हणून गोळ्यांचं कुणाला सांगू नका. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं. त्याचा आजार आणि आधी चालू असलेली औषधं तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि औषधं द्यावीत असा अर्ज वकिलांमार्फत कोर्टातही करा. नातेवाइकांचा सल्ला माणुसकीला सोडून आहेच, पण कायद्यानेही चुकीचा आहे.

कोर्टापुढे दोन वेगळे प्रश्न येतील. वार करताना त्याचं मन कसं होतं, हा पहिला. आज त्याला खटला समजतो का, वकिलाला तो काही सांगू शकतो का, हा दुसरा. औषधांनी बदलतं ते दुसऱ्याचं उत्तर. घटनेच्या सकाळी जे होतं ते होऊन गेलं, आजच्या गोळीने ते पुसलं जात नाही. उलट, गोळ्या सुटल्यावर बिघडला आणि सुरू झाल्यावर सावरला, ही नोंद आजार खरा असल्याचंच दाखवते.

पहिला प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या ८४ चा. आजाराचं निदान एवढ्याने ते लागू होत नाही. मनोविकलतेमुळे आपण काय करतोय हे त्याला त्या क्षणी कळत नव्हतं, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, असं दिसावं लागतं. हातात कोयता आहे हे तुमच्या भावाला बहुधा कळत होतं. त्यामुळे लढाई चूक कळत होती का, या भागावर होईल. विषाच्या भ्रमात आपण जीवच वाचवतोय असं त्याला वाटत होतं का? की राग होता, आणि आजार सोबतीला होता? इथे सोपी हमी कोणी देत असेल तर त्याला फी देऊ नका.

वार केल्यावर तो काय करत होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. तो पळाला, कोयता लपवला, कपडे धुतले, तर चूक कळत होती असं सरकारी वकील म्हणतील. तिथेच उभा राहिला, विषाचंच बोलत राहिला, तर चित्र वेगळं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनातून याच बचावावर निर्दोष सोडलं. तिथे घटनेआधीच्या आणि अटकेनंतरच्या उपचारांच्या नोंदी होत्या आणि त्याने लपायचा वा पळायचा प्रयत्न केला नव्हता.

म्हणून आता काढलेल्या दाखल्यापेक्षा जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या आणि दुकानाची बिलं जमवा. रुग्णाला आपल्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे. आदल्या आठवड्यात त्याचं बोलणं ऐकलेली माणसं तर डॉक्टरांइतकीच महत्त्वाची. हे सिद्ध करायची जबाबदारी बचावाची, पण दह्याभाई ठक्कर खटल्यात १९६४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की त्यासाठी शक्यतांचं पारडं झुकलं तरी पुरे. सरकार पक्षाइतकी निःसंशय सिद्धता लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याची, कलमं ३६७ आणि ३६८ आहेत. मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तपासतात, अहवाल कोर्टाकडे जातो. हे तज्ज्ञ कोर्टासाठी तपासत असतात. भाऊ त्यांना सांगेल ते अहवालात येऊ शकतं, हे वकिलांनी त्याला आधी समजवावं. पण पढवून पाठवू नका. वॉर्डात काही दिवस निरीक्षण झालं की सोंग उघडं पडतं, आणि मग खऱ्या आजारावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आणि तो खटल्याला उभं राहायला अपात्र ठरला म्हणजे सुटला असं नाही. प्रथमदर्शनी पुरावा असेल तर खटला फक्त लांबतो, बरा झाला की पुन्हा सुरू होतो. आसामात माचांग लालुंग नावाचा माणूस १९५१ मध्ये पकडला गेला आणि खटला न चालताच २००५ मध्ये बाहेर आला. भावाला आजारी ठेवून तुम्ही त्याला या वाटेवर ढकलाल.

अपात्र ठरल्यावर कलम ३६९ खाली जामिनावर सोडता येतं, पण भरती ठेवण्याची गरज नसली पाहिजे आणि नियमित उपचारांची व तो स्वतःला वा इतरांना इजा करणार नाही याची हमी नातेवाइकाने द्यावी लागते. कलम २२ खाली निर्दोष सुटला तरी तसंच: सुरक्षित ताबा, किंवा हमी घेऊन घरच्यांकडे. ती हमी कोण देणार, हे घरात ठरवा. काका शेजारीच राहतात, तेव्हा भावाला ठेवणार कुठे हे न्यायाधीश विचारतीलच. वकिलांकडे जाताना दुसरा एखादा पत्ता तयार ठेवा.