२४० दिवस आणि भिंतीवरचं कॅलेंडर

प्रश्न : सर, मी सकाळी लॉ कॉलेजला जातो आणि दुपारपाळीला शिरोलीच्या एका फौंड्रीत ग्राइंडिंगला असतो. कामगार कायदा आवडतो, पण कलमं डोक्यात राहत नाहीत. त्यात आता नवी संहिता आली. जुनं वाचू की नवं?
– एक वाचक, उचगाव

उत्तर : नातवाच्या वयाचा असशील, म्हणून एकेरी लिहितो. २१ नोव्हेंबर २०२५ ला औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. १९२६चा कामगार संघटना कायदा, १९४६चा स्थायी आदेशांचा आणि १९४७चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात आले. पण निकाल बहुतेक जुन्या कलमांवरचे, त्यामुळं जुनंही वाचावंच लागेल.

सुरुवात २४० या आकड्यापासून कर. बारा महिन्यांत एवढे दिवस भरलेल्या कामगाराची कपात करायची, म्हणजे त्याला कामावरून कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. दिवस भरले हे दाखवायचं कामगारानंच. हदीमनी प्रकरणात (२००२) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही.

वकिलीच्या सुरुवातीला माझ्याकडं एक मोल्डर आला. गेटवरूनच परत पाठवलेला. नेमणूकपत्र नाही, हजेरीचं मस्टर मालकाकडं. पण डबा कधी करायचा हे कळावं म्हणून त्याच्या बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची पाळी लिहिलेली, आणि पगाराची पाकिटं पत्र्याच्या डब्यात जपलेली. मोजले तर २११ दिवस! माझ्या पोटात गोळा आला. मग अमेरिकन एक्स्प्रेस प्रकरणाचा १९८५चा निकाल सापडला : पगारी रविवार आणि सुट्ट्याही धरायच्या. पाकिटांवर त्या होत्या. बेरीज २५८ झाली. तडजोडीत तो कामावर परत गेला. वर्गात दोन वर्षं ऐकलेलं १९४७च्या कायद्याचं कलम २५-ब, हे २४० दिवसांचंच कलम, मला त्या रात्री कळलं.

संघटनांचा भाग वाचताना टक्केवारी बघ. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासद लागतात. संहितेत, संघटना एकाहून जास्त असतील तर, एकट्यानं वाटाघाटीला बसायला ५१ टक्के. त्याच १९७१च्या कायद्यात अनुचित प्रथेची, म्हणजे मालकाच्या गैरवागणुकीसारख्या गोष्टींची, तक्रार ९० दिवसांत करायची असते. हे ९० दिवस चुकलेली माणसं मी फार पाहिलीत.

कोर्ट चालू असेल अशा तुझ्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी लेबर कोर्टात मागच्या बाकावर बसून कामगाराची उलटतपासणी ऐक. आणि स्वतःच्या पगारपावत्या काढून गेल्या बारा महिन्यांचे दिवस मोज. किती भरले, ते मला कळव.