लिनक्स कर्नल बिल्ड करताना कॉन्फिगमधल्या डिपेंडन्सी कशा सांभाळायच्या? सरळ ‘सिलेक्ट’ लावलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की डॉट कॉन्फिग या कर्नलच्या पर्यायांच्या फाइलमध्ये हाताने ‘वाय’ (म्हणजे चालू, थेट कर्नलमध्ये) टाकता आणि ती फाइल अटींप्रमाणे जुळवणारं ओल्डडेफकॉन्फिग चालवलं की ती ओळ गायब होते, आणि टीममधले सांगतात, ‘सिलेक्ट मार आणि मोकळा हो’. मोकळं कुणी होत नाही हो. हेच वाक्य मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. बॅटरीची पातळी मोजणाऱ्या चिपचा ड्रायव्हर आमचा स्वतःचा होता. त्याच्या केकॉन्फिगमध्ये, म्हणजे पर्याय आणि त्यांच्या अटी लिहिलेल्या फाइलमध्ये, एकच महत्त्वाची ओळ होती: सिलेक्ट रेगमॅप_आयटूसी, म्हणजे हा ड्रायव्हर चालू केला की रेगमॅप_आयटूसी हा मदतनीस कोडही आपोआप चालू. आता रेगमॅप_आयटूसी स्वतः आयटूसीवर, म्हणजे चिपशी बोलायच्या बसच्या कोडवर, अवलंबून आहे. पण सिलेक्ट ते बघत नाही. ज्याला ओढायचं त्याला ओढतं, त्याच्या पायाखाली जमीन आहे की नाही हे तपासत नाही. पहिल्या बोर्डावर आयटूसी ‘वाय’ होतं, त्यामुळे वर्षभर कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या बोर्डासाठी कर्नल इमेज लहान हवी होती म्हणून कुणीतरी आयटूसी ‘एम’ केलं, म्हणजे इमेजबाहेरचं, नंतर लोड होणारं मॉड्यूल. ड्रायव्हर ‘वाय’, रेगमॅप ‘वाय’ आणि ते ज्याच्यावर उभं ते मॉड्यूल. अख्खं कर्नल कंपाइल झालं आणि शेवटी कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर आडवा आला: आय२सी_ट्रान्सफर सापडत नाही. आम्ही दोन दिवस टूलचेन (कंपायलर-लिंकरचा संच) बदलत होतो, क्लीन बिल्ड मारत होतो. दुसऱ्या रात्री मी सगळा लॉग फाइलमध्ये घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. अगदी वर, कंपाइल सुरू होण्याच्या आधी, वॉर्निंग होती: अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज (अटी पूर्ण नाहीत), रेगमॅप_आयटूसीसाठी. खाली कुणी सिलेक्ट केलंय तेही लिहिलेलं, आमच्याच ड्रायव्हरचं नाव.

सकाळी पॅच दिला: ‘डिपेंड्स ऑन आयटूसी’, म्हणजे आयटूसी असेल तरच हा ड्रायव्हर निवडता येईल, आणि सिलेक्ट रेगमॅप_आयटूसी तसंच. मुख्य कर्नलमधले कितीतरी ड्रायव्हर असेच लिहिलेले आहेत. आमच्या सीनियरनी तो परत पाठवला. म्हणाले, “डिपेंड्स लावलं की आयटूसी बंद असताना ड्रायव्हर मेन्यूत दिसत नाही, मग लोक मला फोन करतात. आयटूसीलाही सिलेक्ट लाव. आणि ती वॉर्निंग आहे, एरर नाही.” लावलं. बिल्ड झालं.

तीन महिन्यांनी तिसरा बोर्ड आला, त्यावर आयटूसीचं एकही डिव्हाइस नव्हतं. मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे पर्याय निवडायच्या मेन्यूत, आयटूसी बंद करायला गेलो तर हलेना. नावापुढे दोन रेघांमध्ये तारा, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय. स्लॅश दाबून शोधलं, ‘सिलेक्टेड बाय’खाली आमचाच ड्रायव्हर, सामाईक कॉन्फिगमधून आलेला. एका चिपसाठी, जी बोर्डावर नव्हतीच.

तर तुमची ओळ गायब होते कारण तिच्या अटी पूर्ण होत नाहीत, आणि ओल्डडेफकॉन्फिग न विचारता ती काढून टाकतं. ती परत घुसवू नका. मेन्यूकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबून नाव टाका, ‘डिपेंड्स ऑन’ वाचा, कंसात प्रत्येकाची सध्याची किंमत दिसते. जो ‘एन’ (बंद) आहे तो आधी चालू करा. झेड दाबलं की लपलेले पर्यायही दिसतात, त्यामुळे ‘मेन्यूत दिसत नाही’ हे कारण तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. वेगवेगळे तुकडे जोडून कॉन्फिग बनवत असाल तर मर्ज_कॉन्फिग स्क्रिप्ट वापरा. मागितलेलं मूल्य शेवटच्या फाइलमध्ये आलं नाही तर ती तसं सांगते. ते आउटपुट वाचा मात्र.

एखादी गोष्ट असली तर वापरायची, नसली तरी चालेल, अशी असेल, उदाहरणार्थ आयपीव्ही६ हा नेटवर्क प्रोटोकॉल, तर ‘डिपेंड्स ऑन आयपीव्ही६ ऑर आयपीव्ही६ इज इक्वल टू एन’ अशी अट लिहितात. विचित्र दिसते, पण तिचा अर्थ एवढाच की आयपीव्ही६ मॉड्यूल असेल तर तुम्हीही मॉड्यूलच व्हा. ही अट नसेल तर पुन्हा तोच लिंकर.

सिलेक्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला मेन्यूत प्रॉम्प्ट (निवडायची ओळ) नाही आणि ज्याला स्वतःच्या अटी नाहीत, अशा मदतनीस कोडसाठी ते आहे, आणि कर्नलच्या दस्तऐवजात हेच लिहिलंय. रेगमॅप_आयटूसीला अट आहे, म्हणून ती अट ड्रायव्हरने स्वतःवरही घ्यायची. तुमचा ड्रायव्हर बाहेरच्या कुणाचा असेल आणि केकॉन्फिगला हात लावता येत नसेल, तर निदान तुमच्या कॉन्फिगमध्ये ड्रायव्हर आणि आयटूसी दोन्ही ‘वाय’ ठेवा.

आणि वॉर्निंगबद्दल. नव्या कर्नलमध्ये केकॉन्फिग_डब्ल्यूएरर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केलं की अनमेट डिपेंडन्सीवर बिल्ड तिथेच थांबतं. आमच्या आताच्या सगळ्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये पहिल्याच ओळीत ते मी टाकलंय. तुमच्या टीमलाही तेवढं टाकायला सांगा, मग सिलेक्टवर वाद घाला.