तापीला दरवर्षी पूर येतो, मग खान्देशात उन्हाळ्यात टँकर का लागतात? आणि तापीचं पाणी पिण्याजोगं आहे का?

तुम्ही विचारलंय की नदीला एवढा पूर येऊनही मार्च उलटला की जळगाव-धुळ्याकडे टंचाई का, आपलं पाणी गुजरातने नेलं हे खरं का, आणि नदीचं पाणी प्यावं का. मी तापीकाठच्या चोपडा तालुक्यातला. घरी केळी आहे, आणि रसायनशास्त्र शिकवत असताना विद्यार्थ्यांना घेऊन नदीचे आणि विहिरींचे नमुने तपासत आलोय. म्हणून शेवटच्या प्रश्नावर जरा जास्त लिहीन.

आधी पुराचं बघू. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. खोरं ६५,१४५ चौरस किलोमीटरचं, त्यातला सुमारे चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात. पण भुसावळजवळ हतनूर धरणाला जो मोठा लोंढा येतो, तो बहुतेक बैतूल, बऱ्हाणपूर, मेळघाट आणि पूर्णेच्या वऱ्हाडातल्या पाण्याचा. जळगावात कडक ऊन पडलेलं असतं, पिकं माना टाकत असतात, आणि त्याच दिवशी हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी येते. वर्षभराच्या प्रवाहातला बहुतांश भाग जून ते ऑक्टोबरमध्ये वाहून जातो, आणि त्यातलाही मोठा हिस्सा मोजक्या काही दिवसांत.

हे पाणी धरून ठेवायला आपल्याकडे जागा किती? हतनूरला ४१ दरवाजे आहेत, पण धरणाची मूळ क्षमता ३८८ दशलक्ष घनमीटर. खाली गुजरातमधल्या उकाई धरणाची मूळ क्षमता ८,५११ दशलक्ष घनमीटर, म्हणजे वीसपटीहून जास्त. त्यात हतनूर गाळाने भरत चाललंय. पावसाळ्याच्या सुरुवातीला गाळ निघून जावा, पुराचा धोका टळावा म्हणून दरवाजे उघडे ठेवावे लागतात आणि साठा शेवटी शेवटी करतात. परतीचा पाऊस रुसला तर पुढच्या वर्षभराचं गणित चुकतं. त्या साठ्यावर शेतीशिवाय दीपनगरचं वीज केंद्र, कारखाने आणि गावांच्या पाणीयोजनाही आहेत.

दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या भागात तापीचं पात्र खोल आहे. दोन्हीकडे गाळमातीच्या उंच दरडी, त्यात पावसाने कापलेल्या घळी. पाणी खाली, शेत वर. पात्रातून पाट काढून ते उताराने शेतात नेता येत नाही, विजेच्या पंपाने उचलावंच लागतं. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज झाले, पात्रात पाणी तुंबलं, दिसायला फार सुंदर दिसतं. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्या. पाणी अडवलं म्हणजे पाणी मिळालं असं नाही, हे या पट्ट्यातल्या शेतकऱ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

गुजरातबद्दल थोडक्यात. वाटा ठरलेला आहे, महाराष्ट्राच्या नावावर १९१.४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आहे. आपल्या वाट्याचं जे पाणी वापरायची सोय आपण केली नाही ते उताराने खाली जातं, त्याला पळवणं म्हणत नाहीत. आणि खालच्यांनाही नदी सोसावी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत विसर्ग गेला आणि सुरत बुडालं. वरच्या खोऱ्यात पाऊस किती पडला, हतनूरमधून किती सुटलं, हे तिथे वेळेवर कळणं हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

तापीची उपनदी गिरणा, तिची कथा वेगळी. ती सह्याद्रीतून येते, पर्जन्यछायेतून वाहते आणि धरण भरेल की नाही हे वर्षावर ठरतं. चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या पट्ट्यात लोक पावसापेक्षा आवर्तनाची, म्हणजे धरणातून पाणी सुटण्याची, तारीख जास्त विचारतात. कोरड्या, तापलेल्या वाळूतून सोडलेल्या आवर्तनाचं पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचता पोचता बरंच जिरतं. आता वाळूही बेसुमार उपसलीय. वाळू म्हणजे नदीचा गाळणीचा थर आणि काठच्या विहिरींचा आधार. ती गेली की खाली खडक उघडा पडतो, आणि पूर आला तरी विहिरीला पाझर लागत नाही. मला या सगळ्यात सर्वात जास्त जिव्हारी लागणारी गोष्ट हीच आहे, कारण धरण उद्या बांधता येईल, वाळू पुन्हा साचायला किती पिढ्या जातील सांगता येत नाही.

आता पाण्याची प्रत. इथे मी आग्रहाने सांगतो: वर्षाच्या सरासरीवर विश्वास ठेवू नका. ऑगस्टमध्ये पाणी गढूळ असतं, पण सांडपाणी त्यात इतकं पातळ होतं की सेंद्रिय प्रदूषण कमी दिसतं. एप्रिल-मे मध्ये नैसर्गिक प्रवाह जवळजवळ संपलेला असतो, गावांचं सांडपाणी मात्र थांबलेलं नसतं. धुळ्याखालच्या पांझरा नदीत किंवा मालेगावच्या मोसम नदीत तेव्हा जे वाहताना दिसतं त्यात नदीचा वाटा किती उरतो? आणि नकाशा नीट पाहा, मोसम मालेगावला गिरणेला मिळते आणि गिरणा धरण त्याच्या खाली आहे. वरच्या शहराचं सांडपाणी ही खालच्या तालुक्यांच्या पिण्याच्या पाण्याची बाब आहे.

नमुना घेण्याच्या वेळेनेही फरक पडतो. शेवाळ धरलेल्या डोहात दुपारी विरघळलेला ऑक्सिजन भरपूर येतो, कारण शेवाळ उन्हात तो तयार करतं. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, त्याच डोहातला ऑक्सिजन एकदम खाली गेलेला असतो. मासे मरतात ते पहाटे. दुपारचा एकच नमुना घेऊन 'पाणी उत्तम' असा शेरा मारला तर तो कागदावर खरा आणि नदीबाबत खोटा ठरतो. सगळ्यात घाण पाणी असतं जूनच्या पहिल्या लोंढ्याचं. उन्हाळाभर डोहांत आणि नाल्यांत साचलेलं तो एकदम खाली आणतो. त्या आठवड्यात आमच्याकडचे जुने लोक नदीचं पाणी भरत नसत, आणि ते बरोबर होतं.

भूगर्भातलं पाणी म्हणाल तर यावल-रावेरची केळी तापीवर नव्हे, विहिरी आणि बोअरवर उभी आहे. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे. सुकी, मोरसारख्या नद्यांचं पाणी तिथे जिरतं आणि खालच्या गाळाच्या थरांत उतरतं. उपसा जिरण्यापेक्षा जास्त झाला तशा विहिरी आटल्या, मग विहिरीत बोअर, मग आणखी खोल बोअर. ठिबकने एका झाडाचं पाणी वाचलं, पण वाचलेल्या पाण्यावर आम्ही लागवड वाढवली. तापीचं पाणी जमिनीत जिरवण्याच्या तापी पुनर्भरण योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झालाय, ती योजना याच पट्ट्यासाठी आहे आणि ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण नुसतं भरून भागणार नाही, उपशाला मर्यादा लागेल.

मर्यादा शक्य आहे का, असं विचाराल तर पांझरेकाठी साक्रीकडे जा. तिथली फड पद्धत शेकडो वर्षांची आहे. बंधाऱ्याखालचं क्षेत्र तीन-चार फडांत, म्हणजे जमिनीच्या मोठ्या तुकड्यांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. मग तोटा एकट्याचा होत नाही, सगळ्यांचा थोडा थोडा होतो. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या. वर धरणं झाल्यावर हे बंधारे धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून राहिले आणि व्यवस्था दुबळी झाली. पण टंचाई वाटून घेण्याची रीत आपल्याच मातीत होती.

पिण्याबद्दल स्पष्ट उत्तर: नदीचं पाणी थेट पिऊ नका, कुठल्याच महिन्यात. नळयोजनेचं पाणी असेल तर टोकाच्या नळाला क्लोरीन तपासा, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असायला हवं. विहीर किंवा बोअर असेल तर मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सुरू झाल्यावर एकदा असे दोन नमुने प्रयोगशाळेत द्या. केळी-कापसाच्या पट्ट्यात नायट्रेट आवर्जून तपासून घ्या, पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही आणि तान्ह्या बाळांना घातक असतं. पाणी उकळून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून ते जात नाही, उकळल्याने उलट वाढतं. जास्त निघालं तर बाळासाठी दुसऱ्या स्रोताचं पाणी आणा, नाहीतर आरओ वापरा.