पुरुषांची मैत्री खरीखुरी दाखवणारं एखादं विनोदी नाटक आहे का? (दारू, ट्रिप, कॉलेजच्या आठवणी सोडून)

आहे ना. यास्मिना रेझाचं 'आर्ट'. मूळ फ्रेंच, पॅरिसला १९९४ मध्ये आलं, मग ख्रिस्तोफर हॅम्प्टनने इंग्रजीत आणलं आणि लंडनला जोरात चाललं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९९८ चं टोनी हे नाटकांचं मोठं बक्षीससुद्धा मिळालं.

गोष्ट म्हटली तर एवढीशीच. सर्ज हा स्किनचा डॉक्टर, तो दोन लाख फ्रँक मोजून एक चित्र घेतो, पांढऱ्या कॅनव्हासवर पांढऱ्या तिरक्या रेघा, बस्स. त्याचा जुना मित्र मार्क, इंजिनियर, ते बघून भडकतो आणि तोंडावर सांगतो की हा कचरा आहे. तिसरा इव्हान, लग्न ठरलेला, स्टेशनरीच्या धंद्यात नुकताच चिकटलेला, तो मार्कसमोर चित्राला हसतो आणि सर्जसमोर आवडलं म्हणतो, असा एक प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, आणि शेवटी मार पण त्यालाच बसतो.

आता भांडण चित्रावरून आहे असं वाटतं पण तसं ते नाहीच. मार्कचं दुखणं हे की सर्ज आधी आपल्या नजरेने जग बघायचा, आपला मित्र असल्याचा त्याला अभिमान होता, आणि आता तो आपल्याला न विचारता दुसऱ्याच लोकांत रमलाय. हे सरळ 'मला सोडून गेलास' असं म्हणायला जीभ रेटत नाही, मग चित्राला शिव्या. सर्ज पण कमी नाही, तो मार्कसोबत राहणाऱ्या पॉलावर घसरतो, म्हणजे काय तर ती सिगरेटचा धूर हाताने कसा झटकते यावरून! इतक्या बारीक गोष्टीवरून दोन शिकले-सवरलेले बाप्ये हातघाईवर येतात, सोडवायला इव्हान मधे पडतो आणि त्याच्या कानावर बसते.

माझी एक तक्रार आहे, बायका रंगमंचावर येतच नाहीत, फक्त भांडणाला दारूगोळा म्हणून त्यांची नावं येतात. तिघांचं जग दाखवायचंय हे मान्य, पण जरा सोयीचंच झालं ते.

(पुढे शेवट सांगतोय, नको असेल तर हा पॅरा सोडा.) मैत्री वाचवायला सर्ज मार्कच्या हातात स्केचपेन देतो, म्हणजे घे, काढ काय काढायचं ते, आणि मार्क खरंच त्या दोन लाखांच्या चित्रावर बर्फावरून घसरत जाणारा माणूस काढतो. नंतर दोघं मिळून ते पुसतात. मार्क विचारतो, शाई निघते हे तुला माहीत होतं का? सर्ज म्हणतो, नाही. माहीत असतं त्याला! लोकांना हा शेवट गोड वाटतो, मला नाही वाटत, कारण ज्या त्यागावर मार्क विरघळला तो त्याग झालेलाच नव्हता आणि हे फक्त आपल्याला, प्रेक्षकांना कळतं.

वाचणार असाल तर इव्हानचं लग्नपत्रिकेवरचं लांबलचक भाषण मनात वाचू नका, मोठ्याने वाचा. पत्रिकेत कुठल्या सावत्र आईचं नाव घालायचं यावरून घरात पेटलेलं असतं, आणि आपल्याकडे पत्रिकेत कुणाचं नाव राहिलं म्हणून रुसून बसलेले काका ज्यांनी बघितलेत त्यांना तर पॅरिस-बिरिस काही परकं वाटणार नाही.