फळ्याशेजारी टीव्ही आला, आता माझं काय?

मी समुपदेशक आहे. शाळा सुरू झाल्या की जून-जुलैत माझ्याकडे शिक्षकांची ये-जा वाढते. कुणी खानापूरकडून येतात, कुणी निपाणी-चिकोडीकडून, कुणी इथल्याच, बेळगावातल्या अनगोळ-वडगावातून. येताना तक्रार असते झोपेची, पित्ताची, घरात उगाच होणाऱ्या चिडचिडीची. थोडं बोलणं झालं की खरी गोष्ट बाहेर येते. वर्गात स्मार्ट टीव्ही आलाय, पुस्तकात क्यूआर कोड आलेत, 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावर प्रशिक्षण पूर्ण करायचंय, आणि हे सगळं मला या वयात जमणार नाही. इतक्या जणांच्या तोंडून हे ऐकलंय, की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेतल्या या टीचर. पन्नाशी ओलांडलेल्या, तिसरी-चौथी एकत्र सांभाळणाऱ्या. गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला टीव्ही दिला, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या अध्यक्षांनी नारळ फोडला, फोटो निघाले. त्यानंतर टीचरनी टीव्हीला घरी शिवलेलं कव्हर घातलं. जुन्या साडीचं, कडेला काठ लावलेलं. सीआरपी, म्हणजे शाळा बघायला येणारे शिक्षण खात्याचे अधिकारी, भेटीला येणार असले की कव्हर निघायचं, ते गेले की परत चढायचं. हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"व्हीआरएस घ्यावी असं वाटायलंय मॅडम."

"नेमकं काय झालं?"

"धडा लावला, चित्र आलं, खरं आवाजच येईना. शेवटी पाचवीतला एक पोरगा आला आणि कायतरी दाबून गेला. सगळी पोरं हसली. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही बघा."

"मुलं हसली तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल?"

"टीचरला काय येत नाही, हेच की."

आणि मग थोडं थांबून, "ते सोलापूरकडचे डिसले गुरुजी बघा. जगात नाव झालं त्यांचं. आणि मला साधा आवाज आणता येत नाही."

पुढच्या काही भेटींमध्ये आम्ही टीव्हीबद्दल फारसं बोललोच नाही. मी त्यांना त्यांच्या वर्गाबद्दल विचारत राहिले. बोलता बोलता त्या गणितावर आल्या. एक मुलगा वजाबाकीत हातचा घ्यायला सारखा विसरतो म्हणाल्या.

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? विसरला तर विसरला. परत मांड म्हणते. मणी देते हातात, दहाची माळ सोडून दाखवते. एक दिवस जमतंय की."

"बाकीची मुलं त्याला हसतात?"

"हसू देत नाही मी! माझ्या वर्गात चुकलं म्हणून कुणाला लाज वाटायची नाही. पहिल्यापासून नियमच आहे तो."

"हा नियम वर्गातल्या सगळ्यांना लागू आहे?"

"सगळ्यांना."

"तुम्हालाही?"

त्या गप्प झाल्या. बराच वेळ. मी मधे बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडलं की हातात आलेलं निसटतं. मग त्यांनी पर्समधून रुमाल काढला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्या पोराला मी कधी मूर्ख म्हटलं नाही हो. स्वतःला मात्र रोज म्हणायलोय."

घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण मनात जे बोलतो त्याचा त्रास जास्त, असं सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची मी आहे आणि इतक्या वर्षांनीही त्यावरचा माझा भरवसा वाढतोच आहे. आवाज बंद पडला, ही घटना दोन मिनिटांची. 'मला हे आलंच पाहिजे, नाही आलं तर मी शिक्षिका म्हणायच्या लायकीची नाही', हे मनातलं बोलणं महिनोन्महिने चालू होतं, आणि झोप उडवत होतं ते हे बोलणं. टीचरना नवीन काही शिकवायची गरज नव्हती. मुलांसाठी त्यांनी केलेला उदार नियम त्यांना स्वतःला लावायचा होता, एवढंच. उत्तर त्यांच्याच वर्गात होतं आणि ते त्यांनीच शोधलं. माझा वाटा प्रश्न विचारण्याचा, पण तो प्रश्न योग्य वेळी विचारला गेला याचं मला समाधान आहे.

डिसले गुरुजींचा विषय मी नंतर मुद्दाम परत काढला. रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीची गोष्ट कमी जणांना माहीत असते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं दुसऱ्याच भाषेतली. गुरुजी आधी कन्नड शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली, आणि ऐकायच्या कविता, गोष्टी, धडे जोडायला त्यात क्यूआर कोड घातले. मुलाला काय कळत नाहीये, ते त्यांनी आधी ओळखलं होतं.

"तुम्हाला मराठी, कन्नड, कोकणी तिन्ही येतात," मी टीचरना म्हटलं. "त्या टीव्हीतल्या बाईंना येतात का?"

त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. आणि तिथून आमचं बोलणं कामाच्या गोष्टींवर आलं.

हे मी आता सगळ्याच शिक्षकांना सांगते. व्हिडिओतली मराठी बहुतेक वेळा पुण्या-मुंबईकडची असते, भरभर बोललेली. जांबोटी-कणकुंबीच्या घरात बोलली जाणारी भाषा वेगळी. मुलं चित्र बघतात, गाण्याची चाल पाठ करतात आणि अर्थ राहून जातो. म्हणून आवाज बंद करा आणि स्वतः बोला. ज्या दिवशी आवाज आला नाही त्या दिवशी टीचरच्या हाती खरं तर चांगलीच गोष्ट लागली होती. पाच मिनिटांच्या वर काही लावू नका. मधेच थांबवा आणि विचारा, पुढं काय होईल? जे मुलांना हातात धरून दाखवता येतं, ते पडद्यावर दाखवायचं कारण नाही. बी रुजताना बघायचं तर वाटीत मटकी भिजवा.

पडदा वापरा तो एरवी डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीसाठी. या टीचरनी पुढं काय केलं ते सांगते. नदीचा पाठ होता. गावात रेंज धड नाही, पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून बेळगावला मुलाकडे आल्यावर त्यांनी नकाशावरून मलप्रभेचे उपग्रहातून दिसणारे फोटो सुनेकडून पेनड्राइव्हवर घेतले. उगम कणकुंबीला, तो मुलांचा ओळखीचा. तिथून खानापूर, मग सौंदत्तीजवळ नविलतीर्थाचं धरण, मग पट्टदकल, आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेत. एक एक फोटो पुढं सरकत गेला तशी पोरं उठून टीव्हीजवळ आली. एक मुलगी ओरडली, "टीचर, हे पाणी मी बघितलंय, यल्लम्माला गेलो होतो तेव्हा!" मधेच फोटो अडकला. टीचर म्हणाल्या, "मला कळेना पुढं कसं जायचं. कोण शोधून काढतंय?" चौघं पुढं आली. कुणीच हसलं नाही.

वर्गात मदतीला मुलं घ्याच, पण दर आठवड्याला बदलून. नाहीतर एकच हुशार मुलगा रिमोट घेऊन बसतो आणि मुली मागच्या रांगेत राहतात.

आणखी एक साधा उपाय आहे, त्याला नेटही लागत नाही. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला चार-पाच वाक्यं वाचायला सांगा, फोनवर रेकॉर्ड करा आणि फक्त त्यालाच ऐकवा. चूक दाखवू नका, ती त्याचं त्यालाच ऐकू येते. परत वाचू का, असं तोच विचारतो. वर्गासमोर मात्र हे लावायचं नाही. पाटी, पेन्सिल, गिरवणं यातलं काहीही या सगळ्यामुळे सोडू नका. अक्षर हातानंच बसतं.

पालक नेमकी उलटी चिंता घेऊन येतात : शाळेमुळे मूल मोबाइलला चिकटलं. त्यांना मी मोजमाप देते. केंद्र सरकारनं 2020 मध्ये 'प्रज्ञाता' या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पहिली ते आठवीच्या ऑनलाइन वर्गांसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन तासिका, प्रत्येकी 30 ते 45 मिनिटांच्या, अशी मर्यादा होती. तीही शाळा बंद असतानाची. आता शाळा भरतेय, तर घरी अभ्यासासाठी मोबाइल त्याहून कितीतरी कमी पुरतो, आणि तो मोठ्या माणसाशेजारी बसून.

मुख्याध्यापकांनाही एक विनंती आहे. टीव्ही किती तास चालला याची नोंद ठेवून शिक्षकाला जोखू नका. या नोंदीच्या धास्तीनंच कितीतरी वर्गांत व्हिडिओ नुसते लावून ठेवलेले असतात.

टीचरनी व्हीआरएसचा अर्ज भरला नाही. त्यांची झोप सुधारायला बोलणं पुरलं, पण सगळ्यांचं तसं होत नाही. काही आठवडे झोप नसेल, छातीत धडधडत असेल, सकाळी शाळेत जायच्या विचारानं रडू येत असेल, तर आधी डॉक्टरना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो.