आरएनए विषाणूचं कवच आधी तयार होतं आणि आरएनए मागाहून आत भरला जातो का? हे प्रयोगशाळेत करून बघता येतं का?

साध्या एकपदरी आरएनए विषाणूंपैकी बहुतेकांत नाही. प्रथिनं आरएनएला धरतात आणि त्याच्याच आधाराने एकमेकांना जोडली जातात. पोत्यात धान्य भरावं तशी आकृती पुस्तकांत अजून छापतात, ती दिसली की माझं डोकं फिरतं.

टीएमव्ही, म्हणजे तंबाखूचा दांडीसारखा मोझॅक विषाणू, बघा. 6,395 न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचा) आरएनए आणि साधारण 2,130 प्रथिनं, म्हणजे दर प्रथिनामागे तीन न्यूक्लिओटाइड. आरएनए मधल्या पोकळीत सुटा पडलेला नसतो. अक्षापासून 4 नॅनोमीटरवर, प्रथिनांच्या दोन फेऱ्यांच्या मधे तो घट्ट बसलेला असतो. दांडीची लांबी 300 नॅनोमीटर भरते ती आरएनए तेवढा आहे म्हणून. आखूड आरएनए दिला तर दांडीही आखूड बनते.

करून बघायचं असेल तर सीसीएमव्ही, हा चवळीवरचा विषाणू, घ्या. 28 नॅनोमीटरचं गोल कवच, 180 प्रथिनं. विषाणू 0.5 मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये, पीएच 7.5 ला, 4 अंशांवर रात्रभर डायलिसिसला (फक्त क्षार आरपार जाऊ देणाऱ्या पिशवीत) ठेवा. कवच सुटतं, आरएनए कॅल्शियमसोबत साका धरतो. अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये तो तळाशी बसवून वरचं प्रथिन 1 मोलर मिठात घ्या. आता त्यात शुद्ध आरएनए घाला, वजनाने एकास सहा पट प्रथिन, आणि पीएच 7.2 ला मीठ 50 मिलिमोलरपर्यंत डायलिसिसने हळूहळू उतरवा. मग पीएच 4.5.

क्रम मोडू नका. पीएच आधी उतरवला तर मीठ जास्त असताना प्रथिनं आरएनएविनाच रिकामी कवचं बांधून मोकळी होतात. थेट कमी मिठात ओतलं तर पकड इतकी घट्ट बसते की चुकलेला जोड सुटत नाही आणि गुठळ्या होतात. काम झालं की नाही ते आरएनएज, म्हणजे आरएनए तोडणारं विकर, घालून तपासा: कवचातला आरएनए टिकतो, बाहेरचा चिरफाळतो.

सहा पटच का? तयार विषाणूत हे प्रमाण चार पटीच्याही खाली असतं. प्रत्येक प्रथिनाच्या एन-टोकाला, म्हणजे साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला, साधारण 10 धन विद्युतभार आहेत. 3,000 न्यूक्लिओटाइडांचे 3,000 ऋणभार फेडायला 300 प्रथिनं लागतात, आणि वजनात ते सहा पट होतं. कवचात मात्र 180 च मावतात, उरलेली नंतर गळतात.

हा हिशोब जुळला की लोक म्हणतात, बघा, सगळा खेळ भाराचा. आमचा वाद इथेच आहे. सीसीएमव्हीचं प्रथिन बीएमव्ही या दुसऱ्या वनस्पती-विषाणूचा आरएनए घेतं, पॉलिस्टायरिन सल्फोनेट हा ऋणभारित कृत्रिम बहुवारिकसुद्धा गिळतं, हे मान्य. पण परीक्षानळीत दुसरा आरएनए असतोच कुठे? पेशीत रायबोसोमचाच आरएनए ढिगाने असतो. नुसत्या भारावर भागत असतं तर विषाणूने तोच भरला असता.

एमएस2 या फाजचं (जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूचं) प्रथिन 19 न्यूक्लिओटाइडांची एक केसपीन, म्हणजे आरएनएची स्वतःवरच दुमडलेली घडी, ओळखतं. तिच्यातलं उणे चार या क्रमांकाच्या स्थानावरचं ॲडेनिन बदललं की पकड ढासळते. ही केसपीन चिकटली की प्रथिनांच्या सममित जोडीचा आकार असममित होतो आणि कवचाला लागणाऱ्या दोन्ही तऱ्हेच्या जोड्या हाताशी येतात. याला निव्वळ भार म्हणणं हा आळस आहे.

आत आरएनएचा नुसता गुंता असतो हा समजही क्रायो-ईएमच्या, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चित्रांच्या, सरासरीतून आला. साठ पट सममिती लादली की सममित नसलेलं सगळं पुसलं जातं. सममिती न लादता एमएस2 पाहिला तेव्हा कवचाला टेकलेल्या डझनावर केसपिनी दिसल्या.

तरी सीसीएमव्हीपुरतं भारवाल्यांचं बरंच खरं आहे. पोलिओसारख्यांत निवड होते ती आरएनएची प्रत जिथे बनते तिथेच पॅकिंग होतं म्हणून, त्यात केसपिनींचा वाटा कितपत यावर अजून भांडण आहे. आणि फाय6 या दुपदरी आरएनएच्या फाजमध्ये कवच खरोखरच आधी बनतं. पी4 ही षट्कोनी मोटर एटीपी जाळून एस, एम, एल हे आरएनएचे तीन तुकडे त्याच क्रमाने आत ओढते.