‘कर्जासोबत विमा मिळतोच आहे’

प्रश्न : वय ४७, नोकरी. पत्नी घरी, मुलगी ११ वर्षांची. गळाने मासे धरायचा छंद आहे. वर्षातून २० दिवस तरी भाड्याच्या बोटीने तलावात जातो, क्वचित खाडीत. आता स्वतःची ॲल्युमिनियमची बोट घ्यायची आहे. पत्रे रिव्हेट ठोकून जोडलेली घ्यावी की वेल्डिंगची? २० टक्के रोख, बाकी १५ वर्षांचं कर्ज, व्याज ९ टक्के, हप्ता बसतो. शनिवार-रविवारी बोट भाड्याने दिली तर हप्ता त्यातूनच निघेल. कर्जासोबत विमा मिळतोच आहे, म्हणून वर्षाच्या पगाराच्या १२ पट संरक्षण असलेली जुनी टर्म पॉलिसी यंदा बंद करतोय. गेल्या वर्षी रक्तात साखर निघाली, तेव्हापासून छंदाला वेळ द्यायचं ठरवलंय. कोटेशन जोडलं आहे.

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्नचिन्ह एकच आहे आणि ते चुकीच्या वाक्यापुढे पडलंय. बोटीचं नंतर बघू. टर्म पॉलिसी बंद करू नका.

कर्जासोबतचा विमा तुमच्या घरासाठी नसतो, कर्ज देणाऱ्यासाठी असतो. तुम्हाला काही झालं तर विमा कंपनी उरलेलं कर्ज परस्पर फेडते. पत्नीच्या हाती येते एक वापरलेली बोट, तीही आधी गिऱ्हाईक शोधून विकावी लागणार. शिवाय कर्ज फिटत जातं तसं हे संरक्षणही घटत जातं. टर्म पॉलिसीतून १२ वर्षांचा पगार थेट घरात येतो, त्यावर मुलीचं शिक्षण होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी बसतात असं तुम्हाला ज्याने सांगितलं, त्याला एकतर विमा कळत नाही किंवा कमिशन फार चांगलं कळतं.

आणि साखरेचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. जुनी पॉलिसी तुमच्या निरोगी काळातल्या दराने चालू आहे. ती आज सोडली आणि दोन वर्षांनी पुन्हा घ्यावीशी वाटली, तर ४९ व्या वर्षी, साखरेच्या नोंदीसह, नवी पॉलिसी महाग पडेल. कदाचित मिळणारही नाही.

आता कोटेशन. हिशेब सोपा जावा म्हणून बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून १०० धरतो. तुम्ही २० रोख देणार, म्हणजे कर्ज ८० हवं. कागदावर ९० आहे. मधले १० कुठून आले? ६ त्या विम्याचा एकरकमी हप्ता, ४ वाढीव वॉरंटी. दोन्ही गुपचूप कर्जात घातलेत. १५ वर्षं ९ टक्क्यांनी त्या १० चे १८ होतात. तुमच्या टर्म पॉलिसीचा वर्षाचा हप्ता याच मापाने दीडच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाला दीड वाचवायला तुम्ही निघालात आणि त्यापेक्षा कमी कामाच्या विम्याला १५ वर्षांत व्याजासकट ११ मोजणार.

पूर्ण कर्जाचा महिन्याचा हप्ता ०.९१. एकूण १६४ भराल, रोख धरून १८४. पाच वर्षांनी ५५ भरून झालेले असतील आणि डोक्यावर ७२ उरलेले असतील. तेव्हा बोट ७२ ला विकली जाईल असं मला वाटत नाही. ‘हप्ता बसतो’ हे वाक्य मी रोज ऐकतो. मुदत लांबवली की कुठलाही हप्ता बसतो.

मालकीचा खर्च यात नाही. इंधन, बोटीचा विमा, ठेवायची जागा, इंजिनाची देखभाल यांना मी वर्षाला किमतीचा दहावा हिस्सा धरतो. हप्त्याचे ११ आणि हे १०, असे वर्षाला २१. तुम्हाला भाड्याची बोट दिवसाला अर्ध्याला पडते. २० दिवसांचे १०. छंदाला दुप्पट मोजायला माझी हरकत नाही, पण ते माहीत असून मोजा. भाड्याने देऊन हप्ता काढण्याचा बेत मात्र सोडा. लोकांना बोट शनिवार-रविवारी हवी असते आणि तुम्हालाही सुट्टी तेव्हाच. खासगी वापराच्या बोट-विम्यात भाड्याचा वापर सहसा वगळलेला असतो, तो अपघात तुमच्या अंगावर येईल.

मी काय करेन? ४० च्या आसपासची वापरलेली बोट बघेन. तेच २० रोख, २० कर्ज, मुदत तीन वर्षं. हप्ता ०.६४, आजच्यापेक्षा कमी, आणि तीन वर्षांत विषय संपला. बोटीचा विमा कर्ज देणारा मागेल, तो द्या. जीवन विम्याची आणि वॉरंटीची ओळ खोडायला सांगा. ‘ती सक्तीची आहे’ असं उत्तर आलं तर लेखी मागा.

रिव्हेट की वेल्डिंग? तुमच्या तलावाला रिव्हेटची पुरते. ती हलकी आणि स्वस्त असते. वर्षांनुवर्षं आपटून रिव्हेट ढिले होतात, पण पुन्हा ठोकता येतात. लाटांत रोज जाणार असाल तर जाड पत्र्याची, वेल्डिंगची. वापरलेली बोट ट्रेलरवर असतानाच आत थोडं पाणी ओतून खालून बघा, गळती लगेच दिसते. इंजिन टांगायची मागची फळी आतून लाकडी असेल तर ठोकून पाहा, कुजलेली बद्द वाजते. तळाला तांबंयुक्त रंग मारलेला असेल तर घेऊ नका; खाऱ्या पाण्यात तांबं ॲल्युमिनियमला खातं. खाडीत नेणार असाल तर गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे शिल्लक आहेत का तेही बघा.

टर्मच्या हप्त्याची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती उलटली असेल तर सवलतीचे दिवस संपायच्या आत हप्ता भरा आणि पावती हातात आल्यावरच बोट बघायला जा.